बोलती चिनी शिकायची तर मराठी कानाने शिका

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही क्वालिटी विभागात आहात, कंपनी दोन वर्षांसाठी चीनमधल्या सुझोऊला पाठवते आहे आणि हातात सहा महिने आहेत. रोजच्या बोलण्यापुरती चिनी येईल का, चित्रलिपी शिकावीच लागेल का, तिथल्या माणसांशी वागताना काय सांभाळायचं, आणि बरोबर येणाऱ्या पत्नीनेही शिकावं का, असं तुम्ही विचारलं आहे. मी मराठी आणि चिनी माणसांच्या मधे बसून दुभाष्याचं काम करते, शिकवतेही. त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

सहा महिन्यांत कामापुरतं बोलता येतं. पण इंग्रजीच्या वाटेने चिनीकडे जाऊ नका. बाजारातली बहुतेक पुस्तकं आणि अ‍ॅप्स इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. त्यांना जे अवघड जातं ते आपल्याला पुष्कळदा घरचंच असतं, आणि आपण जिथे खरे अडतो त्याचा त्या पुस्तकांत पत्ताच नसतो. मराठी माणूस इंग्रजीतून चिनी शिकतो तेव्हा स्वतःजवळचं भांडवल बाजूला ठेवून दुसऱ्याच्या चुका पाठ करतो. हे मी वर्गात वारंवार पाहते आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आधी लिहिण्याची सोय सांगते. खाली चिनी शब्द कानाला येतात तसे देवनागरीत दिले आहेत. अक्षरापुढचा आकडा म्हणजे त्याचा सूर, १ ते ४. आकडा नसेल तर ते अक्षर हलकं, सुराविना म्हणायचं. साधा च 'चहा'तला, नुक्त्याचा च़ 'चमचा'तला. साधा फ दोन्ही ओठ मिटून म्हटलेला 'फळा'तला, नुक्त्याचा फ़ 'फॅन'मधला. ही लेखनपद्धत या उत्तरापुरतीच. शिकताना पिनयिन हीच रोमन पद्धत धरा, कारण मोबाइलवर टाइप करायला तीच लागते.

ही पिनयिन १९५८ साली मंजूर झाली आणि सगळी गडबड तिच्या अक्षरांपासून सुरू होते. तिच्यातलं 'बी' म्हणजे ब नव्हे, प. 'पी' म्हणजे फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. चिनी कान आपल्यासारखाच अल्पप्राण-महाप्राण असा भेद करतो. इंग्रजी माणसाला हा फरक शिकवायला आठवडे जातात. आपण तो पहिलीच्या बाराखडीत गिरवलेला असतो, पण रोमन अक्षर दिसलं की आपण शाळेतल्या इंग्रजीसारखं वाचतो आणि 'टी'ला सरळ त किंवा ट म्हणतो. मग काय होतं पाहा. 'छ१ पाओ३ ल' म्हणजे पोट भरलं. त्यातल्या 'पाओ'चा 'फाओ' झाला तर 'फाओ३ ल' म्हणजे पळाला. डॉक्टरकडे जाऊन पोट दुखतंय म्हणायचं असेल तर 'तू४च़ थंग२'. तिथे 'थू४च़' म्हटलं तर सशाला दुखतंय असं होतं. पहिले दोन आठवडे फक्त प-फ, त-थ, क-ख या जोड्या पिनयिन बघत मोठ्याने म्हणा, रोमन अक्षराखालचा देवनागरी उच्चार डोळ्यांना आपोआप दिसेपर्यंत.

दुसरं भांडवल म्हणजे आपले दोन च. हिंदीवाल्याला 'चार' आणि 'चारा' यांतला फरक शिकवावा लागतो, आपल्याला नाही. पिनयिनमधलं 'जे' म्हणजे 'चार'मधला च, 'झेड' म्हणजे 'चारा'मधला च़. 'क्यू' हा छ, आणि 'सी' म्हणजे त्याच 'चारा'तल्या च़मध्ये हकार मिसळायचा. तिसरा च मात्र नवा आहे. तो 'झेड-एच' असा लिहितात आणि तो जीभ ट म्हणताना वळते तशी मागे वळवून म्हणायचा. तसाच ष. शाळेत पोटफोड्या ष लिहायला शिकलो, पण उच्चारात तो श झाला. चिनीत श आणि ष अजून वेगळे नांदतात. एक स्वर नवा आहे: ई म्हणता म्हणता जीभ तशीच ठेवून ओठ उ सारखे गोल करायचे. 'ल्यू४' म्हणजे हिरवा, 'लू४' म्हणजे रस्ता.

आता सूर. चार सूर आणि एक हलका, एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. पहिला वर आणि सपाट, गाण्याच्या बाई 'सा' धरायला लावतात तसा. दुसरा खालून वर जाणारा, आश्चर्याने 'हं?' म्हणतो तसा. चौथा वरून खाली आपटणारा, 'चल!' असं दरडावून म्हणतो तसा. तिसरा पुस्तकात खाली जाऊन वर येताना दाखवतात, पण रोजच्या बोलण्यात तो बहुतेक वेळा नुसता खालीच राहतो, नाखुशीने 'बरं' म्हणावं तसा. तिसऱ्यापुढे तिसरा आला की पहिला दुसऱ्यासारखा होतो. म्हणून 'नी३ हाओ३' प्रत्यक्षात 'नी२ हाओ३' ऐकू येतं.

मराठी माणूस एकेक अक्षराचा सूर बरा म्हणतो. तो घसरतो वाक्यात. आपलं वाक्य प्रश्नाच्या शेवटी वर चढतं, जोर द्यायचा असेल तिथे उसळतं, आणि ही आपली चाल चिनी सुरांवर चढून बसते. 'माय३' म्हणजे विकत घेणं, 'माय४' म्हणजे विकणं. मटेरियलच्या बैठकीत 'तुम्ही घेणार का' असं विचारताना आवाज नेहमीच्या सवयीने हलला तर समोरच्याला विकण्याचा प्रश्न ऐकू जातो. उपाय म्हणजे प्रश्न विचारताना आवाज मुद्दाम वर न नेण्याचा सराव. प्रश्न दाखवायला शेवटी 'मा' असतो, तो ते काम करतो. सुटे शब्द घोकण्यापेक्षा दोन अक्षरांच्या जोड्या घोका, कारण बोलण्यातले बहुतेक शब्द दोन अक्षरांचेच असतात आणि सुरांची जोडी एकदा गळ्यात बसली की ती पुढच्या शंभर शब्दांना पुरते.

सुझोऊत याचा लगेच प्रत्यय येईल. तो सगळा वू या स्थानिक चिनी बोलीचा पट्टा आहे आणि तिथल्या अनेकांच्या बोलण्यात ष चा स होतो. चार म्हणजे स४, दहा म्हणजे ष२. ष गेला की उरतो फक्त सूर. म्हणून आकडा बोलताना लोक हाताची खूणही करतात आणि ती बहुतेक एका हाताची असते. अंगठा आणि करंगळी ताठ म्हणजे सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ, तर्जनीचा आकडा वाकवला की नऊ. दहा कुणी मूठ मिटून दाखवतात, कुणी दोन तर्जन्यांची फुली करून. या खुणा पहिल्या आठवड्यातच शिका. फोन नंबर आणि खोली क्रमांक सांगताना एकला 'ई१' न म्हणता 'याओ१' म्हणतात, कारण एरवी तो 'छी१', म्हणजे सातसारखा ऐकू येतो.

व्याकरणाची भीती नको. इथे तर मराठी पदोपदी हात देते. प्रश्नाला शेवटी आपण 'का' लावतो, ते 'मा' लावतात. 'नी३ छ्यू४ मा?' म्हणजे 'तू जातोस का?' उत्तरात 'हो' किंवा 'नाही' असा एकच ठरलेला शब्द शोधू नका. आपण 'येणार का?'ला 'येणार' म्हणतो तसं क्रियापदच परत म्हणायचं. आपलं 'चा-ची-चे' आणि 'घेतलेलं' ही दोन्ही कामं त्यांच्याकडे एकटा 'त' करतो. 'काल घेतलेलं पुस्तक' हे 'च़ुओ२थ्येन१ माय३ त षू१', शब्दांचा क्रम तोच. इंग्रजीतून शिकणारा इथे वाक्य उलटं करत बसतो. 'मी पुण्यात काम करतो' हेही तसंच: 'वो३ च़ाय४ फू३ना४ कोंग१च़ुओ४'. स्थळ आणि वेळ आधी, क्रियापद नंतर. कर्म मात्र क्रियापदाच्या मागे जातं: 'वो३ ह१ छा२', मी पितो चहा. एवढी एक सवय मोडावी लागते. 'जाणार नाही' आणि 'गेलो नाही' यांना वेगळे नकार आहेत, 'पू२ छ्यू४' आणि 'मेय२ छ्यू४'. आपल्या 'नको'ला 'पू२ याओ४'. वस्तू मोजताना मधे एक शब्द लागतो, आपण 'चार जण' आणि 'दहा नग' म्हणतो तसा. फक्त तिथे तो प्रत्येक नामाला लागतो. सुचला नाही तर सगळीकडे 'क' लावून मोकळं व्हा, लोक समजून घेतात.

ज्या 'ल'वर पुस्तकं प्रकरणंच्या प्रकरणं लिहितात, तो तर मराठी माणसाला एका वाक्यात कळतो. हॉटेलात हाक मारली की आतून पोऱ्या ओरडतो, 'आलो, आलो!' अजून तो आलेला नसतो. चिनी वेटरही ओरडतो, 'लाय२ ल, लाय२ ल!' आपण दारातून निघता निघता 'निघालो' म्हणतो, ते म्हणतात 'च़ोउ३ ल'. पहिला थेंब पडला की आपण 'पाऊस आला' म्हणतो, ते म्हणतात 'श्या४ यू३ ल'. परिस्थिती बदलली किंवा बदलायच्या बेतात आहे, एवढंच तो 'ल' सांगतो. त्याला भूतकाळ म्हणून शिकू नका.

भाषेइतकंच, माझ्या मते जास्तच, महत्त्वाचं आहे कुणाला काय म्हणायचं ते. इंग्रजी कॉर्पोरेट सवयीने पहिल्या नावाने हाक मारायला जाल तर समोरचा अवघडेल. आडनाव आधी येतं आणि त्याला पद जोडतात. वांग आडनावाचे मॅनेजर असतील तर 'वांग२ चिंग१ली३'. इंजिनिअर असतील तर 'वांग२ कोंग१'. हे 'कोंग' कारखान्यात दिवसभर ऐकू येईल. मोठे साहेब असतील तर 'वांग२ च़ोंग३'. पद 'उप' असलं तरी हाक मारताना ते 'उप' गाळतात. डेप्युटी जनरल मॅनेजरलाही 'च़ोंग'च म्हणायचं. कुशल कामगार, ड्रायव्हर, दुरुस्तीवाला यांना 'ष१फ़ू', म्हणजे उस्ताद. दुकानदाराला 'लाओ३पान३'. तुमच्या हाताखालच्या लाइनवर पंचवीस वर्षं मशीन चालवणाऱ्या माणसाला आडनावासह 'ष१फ़ू' म्हणून बघा, तो तुम्हाला मशीनचं सगळं सांगेल. 'श्याओ३चिए३', म्हणजे मिस, हा जुन्या पुस्तकांतला शब्द चीनमध्ये अनोळखी तरुणीला वापरू नका. त्याला आता वाईट अर्थ चिकटला आहे. हॉटेलात 'फ़ू२वू४युआन२' चालतो.

नात्यांत तर आपण आणि ते सख्खे शेजारी. इंग्रजीतल्या एका 'अंकल'मध्ये आपले काका, मामा, आत्याचे आणि मावशीचे यजमान सगळे कोंबलेले असतात. चिनीत मामा वेगळा, 'चिउ४चिउ'. आत्या वेगळी, 'कू१कू'. मावशी वेगळी, 'ई२मा१'. काका तर बाबांपेक्षा मोठा की धाकटा यावर बदलतो, 'पो२पो' किंवा 'षू१षू'. भाऊ-बहिणीतही थोरला-धाकटा सांगावंच लागतं. परक्यालाही नात्याने हाक मारतात. सोसायटीतल्या पन्नाशीच्या बाईंना 'आ१ई२', थोड्या मोठ्या सहकारी बाईंना 'चिए३', पुरुषाला 'क१'. आपण रिक्षावाल्याला दादा, भाजीवालीला मावशी म्हणतोच.

'नी३ हाओ३' ओळखीची माणसं एकमेकांना फारसं म्हणत नाहीत. समोर दिसतं तेच प्रश्न म्हणून विचारतात: बाहेर निघालात? सुटलात का कामावरून? भाजी आणलीत? वडीलधारी माणसं 'छ१ ल मा?', जेवलात का, असंही विचारतात. आपल्या वाड्यात आणि गावात हेच चालतं, त्यामुळे उत्तर कसं द्यायचं हे तुम्हाला ठाऊक आहे: 'हो, झालं, तुमचं?' निरोप देताना 'मान४ च़ोउ३', सावकाश जा. घरच्यांचे, जवळच्या मित्रांचे सारखे आभार मानले तर त्यांना परकेपणा वाटतो. त्याऐवजी दोन वाक्यं तोंडात ठेवा. एक 'मा२फ़ान नी३ ल', तुम्हाला त्रास दिला. दुसरं 'शिन१खू३ ल', खूप कष्ट घेतलेत. रात्रपाळी संपवून निघालेल्या माणसाला हे दुसरं म्हटलं तर तो थांबून दोन शब्द बोलतो. पगार किती, लग्न झालं का, मुलं किती, भाडं किती, हे प्रश्न ओळख होताच येतील. विचारणाऱ्याच्या मनात आपुलकी असते. आकडा सांगायचा नसेल तर 'कोउ४ छ१ फ़ान४', पोटापुरतं मिळतं, एवढं पुरतं.

आता कामातली सगळ्यात महाग पडणारी गोष्ट: नकार. एका बैठकीतलं सांगते. पुरवठादाराकडून नवीन भागाची सॅम्पल्स शुक्रवारी हवी होती. आपल्याकडच्या साहेबांनी विचारलं, 'शुक्रवारी मिळतील ना?' समोरून उत्तर आलं, 'यिंग१काय१ मेय२ वन४थी२.' मी भाषांतर केलं, 'बहुधा अडचण येऊ नये.' वहीत नोंद झाली, 'शुक्रवार, पक्कं.' मी परवानगी घेऊन तिथेच पुढचा प्रश्न टाकला: 'आत्तापर्यंत किती नग झालेत?' समोरच्याने शेजारच्याकडे पाहिलं, मग सांगितलं की मोल्ड दुरुस्तीला बाहेर गेलाय, बुधवारी परत येईल. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. सगळी माहिती त्या 'यिंगकाय'मध्ये, त्या 'बहुधा'मध्ये होती.

तेव्हा 'होईल का?' विचारू नका. 'आत्ता कुठवर आलंय?', 'पुढची पायरी कोण करणार?', 'कशामुळे अडू शकतं?' असं विचारा. 'खाओ३ल्यू४ खाओ३ल्यू४' म्हणजे विचार करू. 'च़ाय४ षुओ१ पा' म्हणजे नंतर बोलू. 'पू२ थाय४ फ़ांग१प्येन४' म्हणजे जरा गैरसोयीचं आहे. 'चिन३ल्यांग४' म्हणजे होईल तितकं करतो. पाश्चात्त्य माणसांना हे उलगडून सांगावं लागतं. मराठी माणसाला लागू नये, कारण घरी वर्गणी मागायला आलेल्यांना आपण 'बघू', 'कळवतो' म्हणतो तेव्हा काय म्हणायचं असतं हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. आणि आपलं 'दिवाळीनंतर बघू' त्यांच्याकडे 'न्येन२ होउ४', म्हणजे चिनी नववर्षानंतर. हे जानेवारीत ऐकू आलं तर गांभीर्याने घ्या. कामगार गावी जातात, कारखाने बंद राहतात आणि काम पूर्ववत व्हायला सुटीनंतरही वेळ जातो.

'मियेन४च़', म्हणजे चेहरा राखणं, यावर प्रशिक्षणात तासन्‌तास बोलतात. मला त्याचं एवढं गूढ करणं पटत नाही. चारचौघांत कुणाचा पाणउतारा करायचा नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं. रिजेक्शनचा भाग दाखवायचा असेल तर माणसाला बाजूला घ्या, भाग हातात द्या आणि 'आपण याचं काय करू या?' असं विचारा. साहेबांसमोर त्याच्या तोंडावर आकडे वाचून दाखवले तर पुढच्या वेळी तो दोष तुमच्यापासून लपवेल, आणि क्वालिटीच्या माणसाला याहून वाईट काही नाही. अजून एक, दुपारी जेवणानंतर लोक टेबलावर डोकं टेकून झोपतात, ऑफिसचे दिवेसुद्धा मालवतात. त्या वेळात फोन करू नका.

तुम्ही शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा. 'वो३ छ१ सू४', मी शाकाहारी आहे, एवढं म्हणून भागत नाही. 'मांस खात नाही' म्हणालात तर 'रोउ४' या शब्दाने अनेकांना मुख्यतः डुकराचं मांस कळतं, आणि भाजी चरबीत परतलेली किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेली असू शकते. म्हणून मोडून सांगा: मांस नको, मासे नकोत, 'चू१योउ२' म्हणजे डुकराची चरबी नको, खात नसाल तर 'ची१तान४' म्हणजे अंडंही नको. मापो तोफू सहसा खिमा घालून करतात. 'यू२श्यांग१' वांग्याच्या नावात मासा आहे पण पदार्थात मासा नसतो, खिमा मात्र बरेचदा असतो. 'ती४सान१श्येन१', म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, हा मोठा आधार. अंडं चालत असेल तर 'फ़ान१छिए२ छाओ३ ची१तान४', टोमॅटो-अंडं, कुठेही मिळतं. बौद्ध मंदिरांजवळच्या शाकाहारी खानावळी शोधा, तिथे कांदा-लसूणही टाळतात. सुझोऊतल्या शीयुआन मंदिरातले शाकाहारी नूडल्स स्थानिक लोकही आवडीने खातात.

मोठ्या जेवणात दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, ती तुम्ही होऊन घेऊ नका. ग्लास टेकवताना वडिलांच्या किंवा वरिष्ठांच्या ग्लासापेक्षा आपल्या ग्लासाची कड खाली ठेवा. 'पाय२चिउ३' ही दारू बऱ्याचदा पन्नास टक्क्यांच्या वर असते. पीत नसाल तर पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा आणि 'ई३ छा२ ताय४ चिउ३', दारूऐवजी चहा, म्हणून कप उचला. उशिरा नकार देणं अवघड जातं. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका. मृतासाठी भातात उदबत्ती लावतात, त्याची ती खूण होते.

पैशांत आपण पुन्हा सुदैवी. त्यांचा मोजण्याचा टप्पा दहा हजारांचा, 'वान४'. आपल्याला लाख-कोटींची सवय असल्याने मिलियनचं ओझं नाही. एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे एक हजार वान. बोलताना युआनला 'ख्वाय४' म्हणतात. सवलतीची पाटी मात्र उलटी वाचायची. '८ च२' म्हणजे आठ टक्के सूट नव्हे, किमतीच्या ऐंशी टक्के द्यायचे, म्हणजे वीस टक्के सूट.

सगळा व्यवहार वीचॅट या मेसेजिंग अ‍ॅपवर चालेल. ओळख झाली की 'मी तुमचा कोड स्कॅन करू की तुम्ही माझा करता?' असं विचारतात. तिथली साधी हसरी इमोजी तरुण मंडळींना थंड, टोचणारी वाटते. दात दाखवणारी किंवा दुसरी कुठलीही पाठवा. 'आहात का?' एवढंच लिहून थांबू नका, कामही त्याच संदेशात लिहा. व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगल तिथे नेहमीसारखे चालत नाहीत, म्हणून प्लेको हा शब्दकोश निघण्याआधीच मोबाइलवर घ्या आणि त्याचा ऑफलाइन भाग उतरवून ठेवा.

चित्रलिपीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हाताने लिहायला शिकण्यात हे सहा महिने घालवू नका, पण वाचणं टाळू नका. मोबाइलवर पिनयिन टाइप केलं की खाली पर्याय येतात, त्यातलं बरोबर अक्षर ओळखता आलं की संदेश लिहिता येतो. दोन-तीनशे अक्षरं नजरेने ओळखू येतील एवढं ध्येय ठेवा: बाहेर, आत, ढकला, ओढा, स्त्री, पुरुष, मांस, अंडं, भाजी, धोका, थांबा, पास, फेल, तारीख, आणि तुमच्या लाइनवरच्या माणसांची आडनावं. एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा कंपनीने मागितली नसेल तर तिच्यामागे धावू नका. जुन्या दुसऱ्या पातळीची तीनशे शब्दांची यादी मात्र चांगली निवडलेली आहे, ती वापरा.

पहिले सहा आठवडे उच्चार आणि सूर, रोज सकाळी अर्धा-पाऊण तास, मोठ्याने, स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकत. त्यानंतर शब्द पाठ करू नका, संवाद पाठ करा. एक वाक्य तुमचं, त्याला येऊ शकणारी तीन उत्तरं आणि त्यावर तुमचं पुढचं वाक्य. टॅक्सी, कँटीन, रिजेक्शन, सुटी मागणं, घरमालक, डॉक्टर. शेवटचे दोन महिने आठवड्यातून तीनदा तरी चिनी माणसाशी ऑनलाइन बोला, आणि शक्यतो शांघाय-सुझोऊकडचा माणूस निवडा, म्हणजे तिथला ष-स गोंधळ कानाला आधीच ओळखीचा होईल.

चिनी नाव घ्या, पण स्वतः रचू नका. तिथल्या सहकाऱ्याला किंवा शिक्षिकेला द्यायला सांगा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावाच्या शेवटी चीनसाठीचं 'ह्वा' अक्षर जोडलं गेलं. कोटणीस झाले 'ख१ ती४ह्वा२'. ते चिनी शिकले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ साली वारले. चिनी लोकांत, विशेषतः वयस्कर मंडळींत, ते नाव आजही ओळखीचं आहे. 'मी ख तीह्वांच्या राज्यातला' हे वाक्य पाठ करून जा.

आणि पत्नीने शिकावं का? नक्की शिकावं, तुमच्याबरोबर पहिल्या दिवसापासून. कारखान्यात तुम्हाला दुभाषी मिळेल, इंग्रजी बोलणारा कुणीतरी मिळेल. भाजीबाजारात, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या बागेत त्यांना कुणी मिळणार नाही, म्हणून त्या तुमच्याआधी बोलायला लागतील. खालच्या मजल्यावरच्या आजींकडून त्या जी चिनी शिकतील, ती संध्याकाळी त्यांच्याकडून तुम्ही शिका.